घरचा डॉक्टर आणि आपण

'दुखणे अंगावर काढणे' हा वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ताप आला, अंगावर काढला. गुडघा धरला, अंगावर काढला. छातीत जळजळले, तेही पित्ताच्या माथी मारून अंगावर काढले. या शब्दप्रयोगात सोशिकतेचे थोडे कौतुकही दडलेले आहे. घरातील थोरली बाई एकादशी आणि सांधेदुखी सारख्याच निष्ठेने पाळते, आणि आपण तिच्या धीराची वाखाणणी करतो. परंतु नीट पाहिले तर अंगावर काढलेले प्रत्येक दुखणे म्हणजे वेळेवर न घेतलेला एक सल्ला असतो. तो सल्ला पुष्कळदा जवळच, चार घरांपलीकडे, माफक फीमध्ये मिळण्यासारखा असतो. तरीही तो घेतला जात नाही. असे का व्हावे?

घरचा डॉक्टर आता उरला नाही, अशी हळहळ आपल्या बैठकीत नेहमी ऐकू येते. आम्हांला मात्र असे वाटते की, तो नाहीसा का झाला हे विचारण्यापूर्वी आपण त्याच्याकडे केव्हा जातो, केव्हा जात नाही, आणि कोणाच्या सांगण्यावरून जातो, हे एकदा तपासून पाहावे. कारण ही संस्था इमारतीवर किंवा अनुदानावर टिकलेली नाही. घराघरांच्या वहिवाटीवर टिकलेली आहे. वहिवाट मोडली की वाट बुजते.

जुने नाते

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांना वैद्यकीय शिक्षणाची केंद्रे जवळ लाभली, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. गोव्यात १८४२ सालीच वैद्यकशाळा स्थापन झाली. इंदुरात १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली व ती पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल या नावाने प्रसिद्धीस आली. ग्वाल्हेरला १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय, इंदुरास १९४८ साली महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आणि बडोद्यास १९४९ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा शाळांतून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी दवाखाना थाटीत आणि आयुष्यभर तेथेच बसत. त्यांतील कित्येक एल. एम. पी. असत. पडद्याआड कंपाउंडर, काचेच्या बाटलीत लाल मिक्श्चर आणि बाटलीला डोसांच्या खुणांची, कात्रीने दाते पाडलेली कागदी पट्टी, हे चित्र आमच्या पिढीच्या वाचकांस आठवत असेल.

या डॉक्टरांचे खरे भांडवल औषधाच्या कपाटात नव्हते, स्मरणात होते. आजोबांचा दमा, आत्याचा मधुमेह, धाकट्याचे लागोपाठ सुजणारे टॉन्सिल्स, सुनेचे पहिले अवघड बाळंतपण, हे सारे त्यांस ठाऊक असे. म्हणून नातवाला धाप लागली तर ते पहिल्या प्रश्नातच मुळाशी पोहोचत.

ही व्यवस्था विरळ होण्याची कारणे काही अंशी धोरणात आहेत. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्याकडे रुजली ती याच अहवालामुळे. त्याच समितीने एल. एम. पी. धर्तीचे शिक्षण बंद करून सर्व डॉक्टरांना एकच पदवी असावी, अशी शिफारस केली. समितीतील काही सभासदांनी आपले भिन्न मत नोंदविले, परंतु शिफारस अमलात आली. शिक्षणाचा दर्जा उंचावला, हे खरेच. मात्र पुढील दशकांत पदवीनंतर विशेषज्ञ होण्याची ओढ वाढत गेली आणि 'नुसता एम. बी. बी. एस.' हा शब्दप्रयोग कमीपणाचा ठरला. तो कमीपणाचा ठरविण्यात आपणही मागे राहिलो नाही. मुलीचे स्थळ पाहताना आणि पोटदुखीचे औषध घेताना आपण सारखेच विचारू लागलो : "डॉक्टर कशाचे?"

गरज कोणास कळते?

माणसे वैद्यकीय सेवा केव्हा वापरतात, याचा विचार समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. रोनाल्ड अँडरसन या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ साली मांडलेली उपपत्ती आजही आधाराला घेतली जाते. तिचे सार असे : माणूस डॉक्टरकडे जातो तो तीन गोष्टींचा मेळ बसला तर. एक, त्याचे वय, शिक्षण, समजुती यांनी घडलेली वृत्ती. दुसरी, पैसा, अंतर, सवड ही साधने. आणि तिसरी, गरज. गरजेचेही दोन प्रकार आहेत. डॉक्टरला दिसणारी गरज वेगळी, आणि रोग्याला भासणारी वेगळी.

घोटाळा होतो तो येथेच. दात ठणकू लागला की कोणी उपदेशाची वाट पाहत नाही. परंतु रक्तदाब ठणकत नाही, मधुमेहाची कळ येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोक मधुमेही असावेत. असे रोग वर्षानुवर्षे मुकाट्याने आपले काम करीत राहतात. दुखत नाही म्हणजे आजार नाही, ही आपली व्याख्या पटकी-देवीच्या काळातील आहे. आजच्या आजारांना ती लागू पडत नाही. घरच्या डॉक्टरची खरी गरज न दुखणाऱ्या आजारासाठी आहे, आणि नेमक्या त्याच वेळी त्याची आठवण होत नाही.

पैसा, सवड आणि विमा

साधनांचा विचार करताना प्रथम पैसा डोळ्यांपुढे येतो. देशाच्या आरोग्य-हिशेबानुसार २०१३-१४ साली एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ६४ टक्के भार लोक थेट स्वतःच्या खिशातून उचलीत होते. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास आले. सुधारणा मोठी आहे, तरी शंभरातील एकोणचाळीस रुपये हा भार लहान नव्हे. शिवाय रोजंदारीवर काम करणाऱ्याच्या हिशेबात डॉक्टरची फी एकटी नसते. बुडालेला रोज तिच्याहून मोठा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे निम्म्या कुटुंबांनी आपण आजारपणात सहसा सरकारी दवाखान्यात जात नाही असे सांगितले. त्यांनी दिलेली प्रमुख कारणे अशी : सेवेचा दर्जा बरा नाही, फार वेळ तिष्ठावे लागते, जवळपास दवाखाना नाही. यांतील दोन कारणे अंतराची आणि वेळेची आहेत, हे ध्यानात घ्यावे. वस्तीजवळ दवाखाना असावा म्हणून आमच्या राज्यात २०१९ साली इंदुरातून 'संजीवनी क्लिनिक' योजनेचा आरंभ झाला, त्यामागे हाच विचार आहे.

विम्याने मात्र एक विचित्र वळण दिले आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतून पात्र कुटुंबास वर्षाकाठी पाच लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ही योजना खुली झाली. कित्येक घरे तिने कर्जातून वाचविली असतील. परंतु हे संरक्षण मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावर मिळते. बहुतेक खाजगी विम्याचीही हीच रीत आहे. परिणामी नित्याचा सल्ला, तपासणी आणि रोजची गोळी यांचा खर्च 'आपला' वाटतो आणि शस्त्रक्रियेचा खर्च 'विम्याचा' वाटतो. मग छपराचे एक कौल फुटले ते बदलावयाचे नाही, आणि भिंत खचली की भरपाई मागावयाची, असा कारभार सुरू होतो.

निर्णय कोणाच्या हाती?

आता अधिक नाजूक गोष्टीकडे वळावे लागेल. डॉक्टरकडे कोणी जावयाचे, हे पुष्कळ घरांत रोगी ठरवीत नाही. आम्ही आयुष्य शाळेत घालविले आहे, म्हणून शाळेतले उदाहरण देतो. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके शाळांतील मुलांची तपासणी करतात. ज्यांस पुढील उपचार हवेत त्यांच्या घरी निरोप जातो. मुलाच्या चष्म्याची चिठ्ठी आठवड्याच्या आत फळाला येते. मुलीच्या रक्तक्षयाची चिठ्ठी मात्र पुष्कळदा दप्तरातच मळते, असे आम्ही पाहत आलो आहोत. घरचे लोक निर्दय असतात असे नव्हे. मुलगी उभी आहे, चालते आहे, घरकाम करते आहे. मग तिला झाले आहे काय, असा त्यांचा साधा तर्क असतो. आधी सांगितलेल्या पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभरांतील ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन असावे त्याहून कमी आढळले. याचा अर्थ असा की, जिला आपण 'जरा अशक्त' म्हणतो ती बहुसंख्य आहे.

बाईचे दुखणे डॉक्टरपर्यंत पोहोचण्यात संकोचाचाही अडसर असतो. हे कळण्यास आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आठवावे. नवऱ्याच्या टपालखात्यातील नोकरीमुळे हे मराठी दांपत्य बंगालमध्ये राहत होते. त्यापूर्वीच त्यांचे पहिले मूल जन्मल्यावर अवघ्या काही दिवसांत दगावले होते. १८८३ साली श्रीरामपूर येथील सभेत आनंदीबाईंनी आपण परदेशी शिकण्यास का निघालो हे सांगितले. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, हे त्यांच्या सांगण्याचे मर्म होते. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियातून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढच्याच वर्षी निवर्तल्या. त्यांच्यानंतर काही वर्षांनी विलायतेत शिकून आलेल्या डॉ. रखमाबाईंनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. आज स्त्री डॉक्टर गावोगाव आहेत. तरीही सासूबाईंना लघवीची जळजळ मुलासमोर सांगता येत नाही आणि दवाखान्यात त्यांना घेऊन जातो तो मुलगाच. मग डॉक्टरपुढे 'थोडी कमजोरी आहे' एवढेच निघते.

म्हातारपणाचा आणखी एक नवा प्रश्न आपल्या समाजात उभा आहे. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा सातासमुद्रांपलीकडे असतात. रामबागेतील किंवा लोकमान्यनगरातील घरात दोघेच वृद्ध असतात. आजाराचा निर्णय दूरध्वनीवरून होतो. मुलगा प्रेमापोटी सर्वांत मोठ्या इस्पितळाचे नाव सांगतो, कारण गल्लीतल्या डॉक्टरला तो ओळखतच नाही. २०२० च्या मार्चमध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम आखले गेल्यापासून दूरचा डॉक्टरही पडद्यावर भेटतो. ही सोय मोलाची आहे. मात्र पोटावर हात ठेवून पाहणारा कोणीतरी जवळ लागतोच.

विश्वास आणि बोली

'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असे आपण म्हणतो. शास्त्र या गुणाला दुसरे नाव देईल, परंतु तो नाकारणार नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला माणूस खरे सांगतो, त्याची गोळी पुरते दिवस घेतो आणि त्याने सांगितलेले पथ्य पाळतो. म्हणून विश्वास ढळला की औषधही निम्मे वाया जाते. अलीकडे तो ढळला आहे, हे मान्य केले पाहिजे. तपासण्या रोग्याच्या हिताच्या की कोणाच्या दलालीच्या, ही शंका मनात घेऊनच पुष्कळ लोक दवाखान्यात शिरतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. रोग्याला दाद मागण्याचा हक्क मिळाला, ते योग्यच झाले. पण दोन्ही बाजू सावध झाल्या आणि सावध माणसे मोकळी बोलत नाहीत. काहींना तर डॉक्टरच्या रागाचीच भीती वाटते. 'साखर पुन्हा वाढली' म्हणून चार लोकांत खडसावले जाण्यापेक्षा न गेलेले बरे, असे म्हणणारे वडीलधारे आम्हांला ठाऊक आहेत. डॉक्टरबंधूंनी याचा जरूर विचार करावा.

परप्रांतात नांदणाऱ्या आपल्या घरांना आणखी एक अडचण आहे. मराठी माणूस वेदनेचे किती बारीक प्रकार करतो पाहा : कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, जळजळते, ठुसठुसते, अंगात कणकण असते, जीव घाबरा होतो. राहून राहून येते ती कळ, गळू पिकते तेव्हा लागतो तो ठणका, हालचालीसरशी निघते ती चमक. जाणत्या डॉक्टरला हे एकेक शब्द म्हणजे निदानाची अर्धी वाट. इंदुरात हे सारे 'दर्द' या एका शब्दात कोंबले जाते. बडोद्यास गुजरातीत आणि बेळगावच्या सरकारी दवाखान्यात कन्नडमध्ये ते सांगताना आजीची अशीच ओढाताण होते. बाहेरच्या व्यवहाराला परभाषा पुरते, पण आजारी माणूस आपल्या आईच्या भाषेत कण्हतो. म्हणून आपली बोली कळणारा, अथवा निदान शांतपणे समजून घेणारा डॉक्टर, हे मराठी घराचे एक मोठे साधनच असते.

एकाच दाराशी टिकून राहण्याचे मोल

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? औषधांच्या दुकानातून गोळी आणावी, फारच झाले तर थेट विशेषज्ञाकडे जावे. औषधांच्या दुकानातून मनाने घेतलेल्या प्रतिजैविकांनी किती हानी होते, हे ओळखून सरकारने २०१४ पासून अशा अनेक औषधांची वेगळी सूची करून त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक केले. आणि विशेषज्ञ आपापल्या अवयवाचा कितीही निष्णात असला, तरी हृदयाच्या, गुडघ्याच्या आणि झोपेच्या अशा तीन चिठ्ठ्या एकत्र ठेवून त्या एकमेकींशी भांडतात काय, हे पाहणारा कोणीतरी हवाच.

या बाबतीत दोन उदाहरणे विचारात घेण्यासारखी आहेत. वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. ज्यांना वैद्यकीय सेवेची अधिक गरज, त्यांच्याच वाट्याला ती कमी येते, हा त्यांनी १९७१ साली मांडलेला 'उलटा नियम' जगभर गाजला. त्यांनी नुसता नियम मांडला नाही. जे कोणत्याही कारणाने दवाखान्यात येत त्यांचा, आणि जे येत नसत त्यांना बोलावून त्यांचाही, रक्तदाब ते मोजीत गेले. सुमारे पंचवीस वर्षांच्या या कामाचा हिशेब १९९१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा, तेथील अकाली मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तशाच एका खाणगावापेक्षा कमी असल्याचे दिसले. कोणतेही नवे यंत्र त्यामागे नव्हते. एक डॉक्टर, एक नोंदवही आणि चिकाटी एवढेच होते.

दुसरे उदाहरण नॉर्वेचे. तेथे प्रत्येक नागरिकाचे नाव एका ठरलेल्या डॉक्टरकडे नोंदविलेले असते. सुमारे पंचेचाळीस लक्ष लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांची तुलना, जेमतेम एक वर्ष झालेल्यांशी केली, तेव्हा तातडीने इस्पितळात दाखल होण्याची आणि मृत्यूची संभाव्यता पहिल्या गटात सुमारे पाव हिश्शाने कमी आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव निःसंशय सिद्ध होत नाही, हे शास्त्रज्ञही सांगतात. परंतु वर्षे वाढत गेली तसतसा हा फरकही वाढत गेला, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. आपल्या आजोबांची 'डॉक्टर बदलू नये' ही समजूत निव्वळ भाबडी नव्हती.

आपल्या हाती काय आहे?

धोरणे सरकारने आखावीत, दवाखाने वेळेवर उघडे राहावेत, डॉक्टरांनी रोग्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे, या अपेक्षा रास्तच आहेत. परंतु काही गोष्टी प्रत्येक घराला आजच करता येतील.

घराने एक डॉक्टर ठरवावा आणि तो सुदृढ असतानाच ठरवावा. रात्री अडीच वाजता शोधलेला डॉक्टर घरचा होत नसतो. निवड करताना पाटीवरील पदव्या मोजण्याऐवजी तो ऐकून घेतो काय, औषधाचे कारण सांगतो काय, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे वेळेवर दुसरीकडे पाठवितो काय, हे पाहावे. जमाखर्चाची वही असते तशी आजाराचीही एक वही घरात असावी. तीत प्रत्येकाचे नाव, जुने आजार, चालू गोळ्या, न सोसणारी औषधे आणि रक्तदाब-साखरेचे आकडे तारखेसह लिहावेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, दुखत नसले तरी, वर्षातून एकदा तरी डॉक्टरकडे जाऊन यावे. घरातील स्त्रियांना डॉक्टरशी एकान्तात बोलण्याची मुभा असावी. सोबत गेलेल्याने त्या वेळी बाहेर बसावे. परगावी असलेल्या मुलांनी आईवडिलांच्या डॉक्टरची ओळख करून घ्यावी आणि पहिला सल्ला त्यालाच विचारावा.

आणखी एक. नुसत्या सल्ल्याची फी देताना आपला हात आखडतो. सुई टोचली, बाटली लावली, तर पैसे वसूल झाले असे वाटते. 'काही नाही, दोन दिवस विश्रांती घ्या' असे कोणी सांगितले तर फसल्यासारखे वाटते. वास्तविक विनाकारण औषध न देणारा डॉक्टर अधिक जाणता आणि अधिक प्रामाणिक असतो. त्याच्या त्या 'काही नाही'लाच मोल दिले पाहिजे. ते आपण दिले नाही, तर काहीतरी करून दाखविण्यावाचून त्याला गत्यंतर राहणार नाही.

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्या पूर्वजांनी कृतघ्नतेवर कोरडा ओढण्यासाठी केली. आज तिचा अर्थ अधिक शब्दशः खरा होऊ पाहत आहे. गरजेपुरताच वापरलेला वैद्य खरोखरच मरतो. म्हणजे त्याचा दवाखाना बंद होतो, मुलगा दुसऱ्या शाखेत जातो, आणि गल्लीच्या तोंडाशी औषधांचे दुकान उघडते. पुढच्या वेळी गरज पडते तेव्हा दार ठोठावण्यास कोणी नसते. ज्याला आपले घर ठाऊक आहे असा एक माणूस गावात असावा असे वाटत असेल, तर गरज नसतानाही अधूनमधून त्याची पायरी चढली पाहिजे.